एपिक्युरसच्या बागेतलं सुख

इ.स.पू. २९५च्या सुमारास डिमेट्रिअस या राजाच्या सैन्याने अथेन्सला वेढा घातला. धान्य येण्याच्या वाटा बंद झाल्या आणि गव्हाचा भाव आकाशाला भिडला. त्या दिवसांबद्दल चरित्रकार प्लुटार्क सांगतो, की एका घरात बाप आणि मुलगा सगळी आशा सोडून बसलेले असताना छतावरून मेलेला उंदीर पडला आणि त्याच्यासाठी दोघांची मारामारी झाली. लगेच पुढे तो आणखी एक गोष्ट नोंदवतो. याच शहरात एपिक्युरस नावाच्या तत्त्वज्ञाने आपल्याबरोबर राहणाऱ्यांना कडधान्याचे दाणे मोजून वाटले आणि जगवलं.

सुख हेच जीवनाचं अंतिम ध्येय आहे, असं निःसंकोच सांगणारा प्राचीन ग्रीसमधला सर्वांत प्रसिद्ध तत्त्वज्ञ तो हाच. पुढची दोन हजार वर्षं खादाडपणा, चैन आणि बेबंदपणा यांचा शिक्का त्याच्या नावावर बसला. दाणे मोजणारा माणूस आणि सुखाचा पुरस्कर्ता यांत वरवर विसंगती दिसते. पण त्याचं म्हणणं नीट वाचलं, की लक्षात येतं, त्याच्या सुखाचा हिशेब त्या दाण्यांपासूनच सुरू होतो. चांगलं कसं जगावं, याबद्दल जगातल्या पुष्कळ थोरांनी पुष्कळ सांगून ठेवलंय. पण साध्या, कमावत्या, काळजीने पोखरलेल्या माणसाला रोज वापरता येईल असं सांगणाऱ्यांमध्ये मी एपिक्युरसला फार वरचं स्थान देतो.

त्याचा जन्म इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर झाला. वडील निओक्लीस अथेन्सहून तिथे जाऊन वसलेले, पेशाने शाळामास्तर. अठराव्या वर्षी सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तो अथेन्सला गेला. अलेक्झांडर वारला ते हेच वर्ष. पाठोपाठ सामोसवर वसलेल्या अथेनियन कुटुंबांना हाकलण्यात आलं आणि त्याच्या घरच्यांना समुद्रापलीकडे कोलोफोनला आसरा घ्यावा लागला. अलेक्झांडरचे सेनापती साम्राज्याच्या वाटणीसाठी एकमेकांशी लढत होते, ग्रीक नगरराज्यांची सत्ता संपत चालली होती. घरदार, गाव, नागरिक म्हणून असलेला मान, हे सगळं एका हुकमाने जाऊ शकतं, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं होतं. मग माणसाच्या स्वतःच्या हातात उरतं काय? एपिक्युरसच्या विचारांना हा प्रश्न चिकटलेला आहे.

मिटिलीनी आणि लाम्पसाकस इथे काही वर्षं शिकवून तो इ.स.पू. ३०६च्या सुमारास अथेन्सला परतला. त्याने एक घर घेतलं आणि वेशीबाहेर, प्लेटोच्या अकादमीकडे जाणाऱ्या वाटेवर, एक बाग. पुढे त्याच्या पंथालाच लोक ‘बाग’ म्हणू लागले. तिथे बायका होत्या, गुलाम होते, आणि ते सेवेसाठी नव्हते, शिकायला आणि चर्चेला बसत होते. लिऑन्टिऑन नावाच्या बाईने थिओफ्रास्टससारख्या मातब्बर विद्वानाच्या मतांविरुद्ध ग्रंथ लिहिला. दोनशे वर्षांनंतरही रोमन विचारवंत सिसेरोला एका बाईच्या त्या धाडसाचा राग आवरला नव्हता. म्यूस हा गुलाम एपिक्युरसबरोबर तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायचा, आणि मृत्युपत्रात एपिक्युरसने त्याला इतर तिघांसह मुक्त केलं. सगळ्यांनी मालमत्ता एकत्र करावी, ही पायथागोरसपंथीयांची रीत मात्र त्याने घेतली नाही. त्याचं म्हणणं असं, की ज्यांचा एकमेकांवर भरवसा आहे त्यांना असल्या अटींची गरज पडू नये.

बदनामी त्याच्या हयातीतच सुरू झाली. त्याचा लाडका शिष्य मेट्रोडोरस याचा भाऊ टिमोक्रेटीस बागेतून फुटून बाहेर पडला आणि सांगू लागला, की हा माणूस इतकं खातो की दिवसातून दोनदा ओकतो. डायोटिमस नावाच्या, स्टोइक या प्रतिस्पर्धी पंथातल्या एकाने तर त्याच्या नावाने पन्नास अश्लील पत्रं बनवून पसरवली. डायोजिनीस लाएर्टिअस या चरित्रकाराने ही सगळी कुलंगडी लिहून ठेवली आहेत, आणि मग ती पसरवणाऱ्यांना वेड्यात काढलं आहे. खुद्द एपिक्युरसच्या पत्रांत काय दिसतं? भाकर आणि पाणी आपल्याला पुरतं, असं तो लिहितो. एका मित्राला तो चीजचं लहानसं मडकं पाठवायला सांगतो, म्हणजे मनात आलं की मेजवानी करता येईल.

आपल्याकडे चार्वाकांची गत अशीच झाली. त्यांचे मूळ ग्रंथ उरले नाहीत. जे कळतं ते बरंचसं विरोधकांच्या तोंडून, चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’सारख्या ग्रंथांतून. कर्ज काढून तूप पिणारे लोक एवढीच त्यांची ओळख राहिली. आ. ह. साळुंखे यांनी ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ लिहून मराठी वाचकांपुढे त्यांची दुसरी बाजू ठेवली. या जगातल्या सुखाला मोल देणाऱ्याला चंगळखोर ठरवणं ग्रीसमध्ये आणि भारतात सारखंच सोपं होतं. एपिक्युरसचं नशीब थोडं बरं. त्याने तीनशेच्या आसपास गुंडाळ्या लिहिल्या असं सांगतात. त्यांतली तीन पत्रं आणि चाळीस मुख्य सिद्धांतांची यादी लाएर्टिअसने आपल्या ग्रंथात अख्खी उतरवून घेतली म्हणून वाचली. १८८८ मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात त्याच्या वचनांचा आणखी एक संग्रह सापडला.

आता मूळ विचाराकडे येऊ. एपिक्युरस सुखाचे दोन प्रकार मानतो. भूक लागलेली असताना जेवताना मिळतं ते एक. जेवून झाल्यावर भूक उरलेली नसते, अंग स्वस्थ असतं, मनाला टोचणी नसते, ते दुसरं. लोक पहिल्यामागे धावतात, त्याला दुसरं मोलाचं वाटतं. शरीराला वेदना नाही आणि मनाला धास्ती नाही, ही स्थिती हेच त्याच्या मते सुखाचं शिखर. इथे तो एक गोष्ट सांगतो ती मला त्याच्या सगळ्या विचारात सर्वांत खोल वाटते. दुःख नाहीसं झालं, की सुख त्यापुढे वाढत नाही. त्यात फक्त वैविध्य येतं. भूक भागल्यावर पाचवं पक्वान्न ताटात आलं तर चव बदलते, तृप्ती तेवढीच राहते.

हे मान्य केलं, की बरंच काही बदलतं. सुखाला वरची मर्यादा असेल आणि ती मर्यादा एवढ्या खाली, एवढ्या हाताजवळ असेल, तर माणसं आयुष्यभर धापा का टाकतात? याचं उत्तर तो इच्छांच्या वर्गवारीत देतो. काही इच्छा नैसर्गिक आणि गरजेच्या आहेत: अन्न, पाणी, थंडीवाऱ्यापासून आडोसा, मित्र, विचार करायला मिळणारी उसंत. काही नैसर्गिक आहेत पण गरजेच्या नाहीत, जसं चमचमीत जेवण. आणि काही नैसर्गिकही नाहीत नि गरजेच्याही नाहीत, त्या लोकांच्या डोळ्यांत पाहून आपल्या मनात उगवतात. प्राचीन टीपाकाराने याचं उदाहरण दिलंय ते सन्मानाच्या मुकुटांचं आणि आपला पुतळा उभा राहावा या हौसेचं. पहिल्या प्रकारच्या इच्छा भागवायला थोडं लागतं. तिसऱ्या प्रकारच्या इच्छांना तळच नाही. चार पोळ्यांनी पोट भरतं. किती लोकांनी आपल्याला मोठं म्हणावं, याचा आकडा मात्र कधीच पुरेसा होत नाही.

प्रत्येक इच्छेला एकच प्रश्न विचारावा, असं तो सुचवतो: ही पुरी झाली तर माझं काय होईल, आणि नाही झाली तर काय? ऐकायला साधा वाटणारा हा प्रश्न हप्त्यावर मोठी गाडी घेण्याआधी, लग्नात आणखी दोनशे पानं वाढवण्याआधी, दुसऱ्याच्या मुलाच्या गुणांवरून आपल्या मुलाला रागावण्याआधी खरंच विचारून पाहावा. पुष्कळदा दुसऱ्या भागाचं उत्तर ‘काहीच नाही’ असं येतं. माणूस कर्जात का बुडतो, याच्या कारणांमध्ये आजार आहे, शेतीचं नुकसान आहे, आणि ही नैसर्गिक गरजांतली संकटं आहेत. त्यांच्यावर एपिक्युरसकडे इलाज नाही. पण चार लोकांत कमीपणा नको म्हणून काढलेलं कर्ज हा नेमका त्याचा विषय आहे.

त्याने चांगलंचुंगलं खायला बंदी केली नव्हती. उलट, ज्याला चैनीची सर्वांत कमी गरज असते तोच ती सर्वांत जास्त उपभोगतो, असं त्याचं निरीक्षण होतं. साध्यावर भागवायची सवय असली, की सणाच्या दिवशी पुरणपोळीला जी गोडी येते ती रोज पक्वान्न खाणाऱ्याच्या जिभेला कळत नाही. १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांची पाहणी केली. ते शेजारपाजारच्या लोकांपेक्षा फारसे सुखी आढळले नाहीत, आणि मित्राशी गप्पा, नाश्ता असल्या रोजच्या गोष्टींतला त्यांचा आनंद कमी झालेला दिसला. पाहणी लहान होती. पैशाने सुख किती वाढतं यावर संशोधकांचे वाद अजून चालू आहेत, आणि गरिबी माणसाला पिळून काढते यात शंका नाही. पण मिळालेल्या गोष्टीची मनाला पटकन सवय होते, हे निरीक्षण पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे.

इच्छांइतकाच सुखाचा दुसरा शत्रू म्हणजे भीती. देवाच्या कोपाची आणि मरणाची. एपिक्युरस निसर्गशास्त्र शिकवायचा ते यासाठीच. डेमोक्रिटसकडून त्याने अणूंची कल्पना घेतली: सगळं काही अणू आणि पोकळी यांचं बनलेलं आहे, मनसुद्धा. देव आहेत, पण ते आपल्या आनंदात असतात, माणसाला बक्षीस किंवा शिक्षा देण्याच्या खटपटीत पडत नाहीत. पायथोक्लीसला लिहिलेल्या पत्रात त्याने ढगांचा गडगडाट, ग्रहणं, भूकंप यांची कारणं सांगितली आहेत. एकेका घटनेची तो तीनतीन, चारचार संभाव्य कारणं देतो. त्यांतलं कुठलं खरं यावर तो अडून बसत नाही. कारण नैसर्गिक आहे एवढं कळलं की भीती सुटते, आणि त्याला तेवढंच हवं असतं. त्याची बरीचशी कारणं पुढे चूक ठरली. ग्रहणाच्या वेळी गरोदर बाईला अन्नपाण्यावाचून आत बसवून ठेवणाऱ्या आपल्याकडच्या घरांकडे पाहिलं, की त्याचा मूळ हेतू अजून किती अपुरा राहिलाय ते कळतं.

मरणाबद्दलचा त्याचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. चांगलं किंवा वाईट जे काही असतं ते जाणिवेत असतं, आणि मरण म्हणजे जाणीव संपणं. आपण असतो तोवर मरण आलेलं नसतं, ते आलं की आपण नसतो. दोघांची गाठ पडतच नाही. जन्मापूर्वीचा अनंत काळ आपल्याला छळत नाही, तर नंतरचा का छळावा? रोमन साम्राज्यात ही भूमिका इतकी रुळली होती, की काही थडग्यांवर या अर्थाच्या वाक्याची नुसती आद्याक्षरं कोरली तरी वाटसरूंना पुरत.

इथे मला त्याच्याशी थोडं भांडायचंय. स्वतःच्या मरणाची धास्ती या युक्तिवादाने खरंच सैल होते. पण माणसाला मरणाचं सर्वांत मोठं दुःख होतं ते आपलं माणूस जाताना. गेलेल्याला आता काही दुखत नाही, हे ठाऊक असून मागे राहिलेल्याचं रडू थांबत नाही. एपिक्युरसलाही हे माहीत असावं. जवळच्या माणसाच्या मृत्यूवर त्याने अश्रूंना मनाई केलेली नाही. गेलेल्या मित्राची आठवण गोड असते, असं तो म्हणतो. त्याच्या मृत्युपत्रात तर आईवडील आणि भाऊ यांच्यासाठी वार्षिक विधींची तरतूद आहे, आणि दर महिन्याच्या विसाव्या दिवशी त्याच्या आणि मेट्रोडोरसच्या स्मरणार्थ मित्रांनी एकत्र जमावं, अशी सूचना आहे.

कारण मैत्री हा त्याच्या जगण्याचा कणा होता. आनंदी आयुष्यासाठी शहाणपण जे जे मिळवून देतं त्यांत मैत्री सर्वांत मोठी, असं तो मानायचा. यामागे एक बारीक समजही आहे. मित्राची मदत जितकी उपयोगी पडते, त्याहून अधिक उपयोगी असते ती वेळ पडल्यास मदत मिळेल ही खात्री. ही खात्री असली की उद्याची भीती कमी होते, आणि साठवून ठेवण्याची हाव आपोआप उतरते. म्हणून वेढ्यातले ते दाणे महत्त्वाचे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ मध्ये सुरू केलेला एक अभ्यास अजून चालू आहे. सुरुवातीला त्यात हार्वर्डचे विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलं मिळून ७२४ पुरुष होते, पुढे त्यांच्या बायका आणि मुलंही आली. उतारवयात माणूस किती धडधाकट आणि समाधानी राहतो, हे सांगायला त्याच्या नात्यांचा जिव्हाळा फार उपयोगी पडतो, असा निष्कर्ष त्या अभ्यासातून निघाला.

एपिक्युरसची सर्वांत कठीण परीक्षा शेवटी झाली. इ.स.पू. २७० मध्ये मूतखड्याने लघवी तुंबली आणि तो चौदा दिवस तळमळत होता. शेवटच्या दिवशी त्याने इडोमेनिअस या मित्राला पत्र लिहिलं. वेदना याहून तीव्र होऊ शकणार नाहीत अशा आहेत, पण आपल्या जुन्या गप्पांच्या आठवणीचा आनंद त्यांच्यासमोर उभा आहे, अशा अर्थाचं. आणि मेट्रोडोरसच्या पोरक्या मुलांकडे लक्ष दे, अशी विनंती. मग तो गरम पाण्याच्या कांशाच्या टबात बसला, थोडी दारू मागितली, मित्रांना शिकवण विसरू नका म्हणाला आणि गेला. वेदना हेच सर्वांत मोठं वाईट मानणाऱ्या माणसाने त्या वेदनेत परक्या मुलांची काळजी केली. त्याच्या विचारांबद्दल शंका घेणाऱ्यांनी हे पत्र जरूर विचारात घ्यावं.

त्याचा एक सल्ला मात्र मला पटत नाही. राजकारणापासून, सार्वजनिक खटपटीपासून दूर राहा, लोकांच्या नजरेत न येता जगा, असं तो सांगायचा. साम्राज्यांच्या साठमारीत हा सल्ला समजण्यासारखा आहे. पण सगळे बागेत जाऊन बसले, तर बाहेरच्या अन्यायाचं काय? समाजसुधारक आगरकरांचं आयुष्य इथे आठवतं. गरजा त्यांनीही मुद्दाम कमी ठेवल्या, बुद्धीला न पटणाऱ्या भीतीपुढे तेही वाकले नाहीत. पण ते ‘सुधारक’ हे पत्र काढून चव्हाट्यावर उभे राहिले. जिवंतपणी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा निघाली, आणि चाळिशी गाठण्याआधी ते गेले. मनाची शांती एवढंच माप लावलं तर आगरकर तोट्यात दिसतील. ते माप अपुरं आहे, असं मी म्हणेन.

एपिक्युरसच्या अनुयायांनीही हा सल्ला शब्दशः पाळला नाही, हे बरंच झालं. आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येला इनोआंडा नावाचं डोंगरातलं शहर होतं. तिथल्या डायोजिनीस नावाच्या म्हाताऱ्या, श्रीमंत माणसाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात भर चौकाजवळच्या एका लांबलचक भिंतीवर एपिक्युरसची शिकवण दगडात कोरून घेतली. ती सुमारे ८० मीटर लांब असावी आणि तिच्यावर २५ हजारांच्या आसपास शब्द असावेत, असा अंदाज आहे. आपण आयुष्याच्या संध्याकाळी आहोत, लोक चुकीच्या समजुतींच्या साथीने आजारी आहेत, म्हणून जायच्या आधी औषध सर्वांसाठी मांडून ठेवतो, असं कारण त्याने दिलं. पुढच्या पिढ्यांसाठी, आणि ज्यांना परके म्हणतात पण जे परके नाहीत अशांसाठीही. भिंत पडली, दगड दुसऱ्या बांधकामांत गेले. १८८४ मध्ये फ्रेंच अभ्यासकांना पहिले तुकडे सापडले, आणि आतापर्यंत तीनशेच्या आसपास हाती आले आहेत.

दुसरा ठेवा राखेखाली होता. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात हर्क्युलेनिअममधला एक वाडा गाडला गेला. १७५२ पासून तिथे कोळसा झालेल्या शेकडो गुंडाळ्या निघाल्या. त्यांत फिलोडीमस या एपिक्युरसपंथीयाचं लेखन मोठ्या प्रमाणावर आहे. या गुंडाळ्या उघडायला गेलं की चुरा होतो. २०२३ मध्ये जगभरच्या तरुणांनी स्पर्धेतून एक वाट काढली. एका गुंडाळीची क्ष-किरणांनी त्रिमितीय छायाचित्रं घेतली होती, त्यांतल्या शाईच्या खुणा संगणकाला ओळखायला शिकवलं गेलं, आणि बंद गुंडाळीतले दोन हजारांहून अधिक वर्ण वाचता आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल जाहीर झाला. तो मजकूर बहुधा फिलोडीमसचाच, आणि विषय सुखाचा: एखादी गोष्ट दुर्मीळ असली म्हणून तिच्यातून मुबलक गोष्टीपेक्षा जास्त आनंद मिळतो का, याची चर्चा. तसं मानता येत नाही, असा लेखकाचा कल दिसतो.

एपिक्युरसने मेनोइकसला लिहिलेलं पत्र काही पानांचंच आहे. त्याची इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात आणि अर्ध्या तासात वाचून होतात. वाचकांनी ते जरूर मिळवून वाचावं, आणि एकट्याने वाचून ठेवून देऊ नये. या गोष्टींचा विचार रात्रंदिवस स्वतःशी कर आणि तुझ्यासारख्याच एखाद्याबरोबर बसून कर, असं त्याने पत्राच्या अखेरीस मेनोइकसलाही सांगितलं आहे.